क्यूला हात न लावता स्नूकर

(नवशिक्यांसाठी सचित्र मार्गदर्शक. चित्रं वाचकांनी आपापली काढून घ्यावीत.)

आधी धीर देतो. ‘स्नूकर’ या शब्दाचा मूळ अर्थच नवशिका असा होता. इंग्लंडात वूलिच इथल्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या पोरांना वरच्या वर्गातले ‘स्नूकर’ म्हणून चिडवत. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाला तो वेगळा) पंधरा लाल आणि एक काळा अशा जुन्या खेळात आणखी रंगीत चेंडू घुसवले. खेळता खेळता एका भिडूचा पॉकेटच्या तोंडाशी आलेला चेंडू हुकला आणि चेंबरलेनने त्याला स्नूकर म्हणून हिणवलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं. त्यांनी आणखी अठ्ठावन्न वर्षं तग धरला असता, तर आज जगभर या खेळाच्या स्पर्धा ‘कच्चं लिंबू’ या नावाने भरल्या असत्या.

तेव्हा कच्च्या लिंबांनी मान खाली घालायचं कारण नाही. हे मार्गदर्शक त्यांच्यासाठीच आहे आणि लिहिणाराही त्यांच्यातलाच आहे. आमच्या जिमखान्यात मी पहिल्याच दिवशी, पहिल्याच फटक्याला टेबलाचं हिरवं कापड वीतभर फाडलं. चेंडू जागचा हलला नाही. समितीची बैठक झाली, भरपाई झाली आणि ठराव झाला की सदर सभासदाने यापुढे चेंडू लावावेत, मारू नयेत. ठराव शिक्षा म्हणून होता. गेली अकरा वर्षं मी ती मजेत भोगतो आहे. कारण या खेळातलं सगळं गणित पहिला फटका बसायच्या आधीच टेबलावर मांडून ठेवलेलं असतं, आणि खेळाडू म्हणवणारी माणसं त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ते फोडून टाकतात.

साहित्य

बारा फुटी टेबल एक. चेंडू बावीस: पंधरा लाल, सहा रंगीत, एक पांढरा. लाकडी त्रिकोण एक. किराणा दुकानात किमती चिकटवतात तसल्या कागदी चिकटचिठ्ठ्या, एक पाकीट. मार्कर एक.

मार्कर म्हणजे गुण सांगणारा, चेंडू पुसणारा, आणि कोण खेळायला येतो व कोण नुसता एसीत बसायला येतो हे दहा मिनिटांत ओळखणारा माणूस. साहित्यात सर्वांत महाग पडते ती त्याची संमती. दिवाळीला विसरू नका.

क्यू लागत नाही. खडू थोडा लागतो, बोटांना लावून खेळाडूसारखं दिसण्यापुरता.

किमती पाठ कराव्यात: लाल १, पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. पांढऱ्याला किंमत नाही. तो फक्त इतरांना ढोसत फिरतो. अशी एखादी व्यक्ती प्रत्येक सोसायटीत असते, त्यामुळे लक्षात ठेवायला अडचण पडू नये.

धडा पहिला: लाल चेंडू लावणे

पंधरा लाल चेंडू त्रिकोणात किती प्रकारे लावता येतात? एका. लाल चेंडू सगळे सारखे, अदलाबदल केली तरी ब्रह्मदेवाला कळणार नाही. धडा इथेच संपायला हवा होता.

पण आता त्याच चेंडूंवर १ ते १५ आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर येतं: १,३०,७६७ कोटी ४३ लाख ६८ हजार. जेवणखाण आणि झोप सोडून दर सेकंदाला एक मांडणी केली, तरी सगळ्या संपायला ४१ हजारांहून जास्त वर्षं लागतील. आमचा जिमखाना रात्री साडेदहाला बंद होतो.

बावीसच्या बावीस चेंडू, चिठ्ठ्या काढून, एका रांगेत लावायचे असतील तर काम बरंच आटोपशीर आहे: ८५ कोटी ९५ लाख ४१ हजार ७६० प्रकार. बिलियर्ड्सवाले त्या मानाने सुखी. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले ते तीन चेंडूंच्या खेळात. तीन चेंडूंच्या रांगा सहाच होतात, चहा येईस्तोवर उरकतात.

धडा दुसरा: त्रिकोण उलटा करणे

लाल त्रिकोणाचं टोक गुलाबी चेंडूकडे असतं. ते काळ्याकडे करायचं आहे. कमीत कमी किती चेंडू हलवावे लागतील?

पहिल्यांदा लोक नऊ सांगतात, मग सात. खरं उत्तर पाच. टोकाकडच्या दोन ओळींतले तीन चेंडू आणि शेवटच्या ओळीची दोन टोकं उचला. त्यातले दोन तिसऱ्या ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक लावा, म्हणजे ती पाचांची झाली. उरलेले तीन शेवटच्या ओळीपलीकडे आधी दोन, मग एक असे ठेवा. दहा चेंडू जागच्या जागी राहिले आणि त्रिकोणाने तोंड फिरवलं. मोठ्या-छोट्या कुठल्याही त्रिकोणाला हाच हिशेब लागतो: एकूण चेंडूंना तीनने भागा, बाकी उरली तर सोडून द्या. दहाच्या त्रिकोणाला तीन चेंडू पुरतात, एकवीसच्या त्रिकोणाला सात.

हा प्रयोग फ्रेम सुरू व्हायच्या ऐन वेळी करू नये. मी केला आहे.

धडा तिसरा: कॅरम

पांढरा चेंडू मध्ये ठेवा आणि सहा रंगीत चेंडू त्याच्याभोवती टेकवा. सहाच्या सहा बसतात, एकमेकांनाही टेकतात, मध्ये केसाइतकीही फट राहत नाही. एकमेकांना टेकलेल्या तीन सारख्या चेंडूंचे मध्यबिंदू जोडले की समभुज त्रिकोण होतो, त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, आणि साठाचे सहा मिळून पूर्ण फेरी. यात कंपनीची हुशारी नाही. कुठलेही सात सारखे गोळे घ्या, लाडूसुद्धा चालतील.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटणारच. मध्ये राणी, भोवती सहा सोंगट्या, त्यांच्या भोवती बारा. आपल्याकडेही सहांच्या भोवती बारा लाल चेंडू लावा. एकोणीस झाले, कॅरमच्या सोंगट्यांइतकेच. तीन लाल उरतील. ते मार्करच्या हातात द्या, म्हणजे त्याला आपणही सामील आहोत असं वाटेल.

आता कोडं. समोरासमोरच्या दोन रंगांची बेरीज प्रत्येक वेळी ९ यायला हवी. जमतं, कारण २ आणि ७, ३ आणि ६, ४ आणि ५ अशा जोड्या तयारच आहेत. फाशाच्या समोरासमोरच्या बाजू जशा साताच्या असतात, तशा या नवाच्या. सहा रंग सहा जागी लावायचे एकूण ७२० प्रकार, त्यातले ४८ या अटीत बसतात. नवशिक्याने निदान एक शोधावा.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो: टेबलावर सहा टेकतात हे ठीक, पण पांढरा हवेत धरला तर सगळीकडून मिळून किती टेकतील? भोवती सहा, वर तीन, खाली तीन, म्हणजे बारा तर दिसतातच. तेरावा बसेल का? यावर १६९४ साली न्यूटन आणि डेव्हिड ग्रेगरी यांच्यात खल झाला. न्यूटनच्या मते बारा, ग्रेगरीच्या मते तेरा. बारा चेंडू लावल्यावरही मध्ये बरीच ढिली जागा उरते, त्यामुळे ग्रेगरीला वेड्यात काढता येत नाही. निकाल लागायला १९५३ साल उजाडलं. बारा. पांढरा हवेत धरायला मार्कर तयार नसेल तर हा भाग ऐच्छिक समजावा.

धडा चौथा: मनोरा

हा माझा लाडका धडा, म्हणून थोडं सावकाश.

लाल चेंडू लाकडी त्रिकोणात घट्ट बसवा. त्रिकोण काढू नका, नाहीतर तळमजलाच पळून जाईल. आता वरून बघा. चेंडूंच्या मध्ये खळगे दिसतील, प्रत्येक खळगा तीन चेंडूंच्या मधला. नीट बघितलं तर खळगे दोन जातींचे आहेत. काहींचं टोक मोठ्या त्रिकोणाच्या टोकाच्या दिशेला, काहींचं बरोबर उलट. पहिल्या जातीचे दहा. उलट्या जातीचे सहा.

सहा! आणि आपल्याकडे रंगीत चेंडू किती? उलट्या खळग्यांत एकेक रंग ठेवत चला. सहाही बसतात, एकमेकांना टेकतात, आणि तळाच्या बरोबर मध्यावर त्यांचाही एक त्रिकोण होतो, तळाच्याच तोंडाचा. आता त्या सहांमधले खळगे बघा. त्यांच्या त्रिकोणाच्या दिशेचे तीन, उलट्या दिशेचा एकच, अगदी केंद्रात. त्यात पांढरा.

पंधरा, सहा, एक. बावीसच्या बावीस चेंडू संपले, एकही उरला नाही, आणि रंगांची वर्गवारीही मजल्यांप्रमाणे झाली: खाली सगळे लाल, मध्ये सगळे रंगीत, माथ्यावर पांढरा. चेंडू साडेबावन्न मिलिमीटरचा असल्यामुळे मनोऱ्याची उंची १३८ मिलिमीटर भरते, फुटपट्टीने मोजून घ्या. जबलपूरच्या त्या मेसमध्ये रंगांची भर घालताना हे कुणाच्या मनातही नव्हतं. १८८२ साली उटीच्या क्लबात नियम टांगले गेले, त्यांतही मनोऱ्याला जागा नव्हती. तरी आकडे असे जुळून आले आहेत की कुणाला तरी हात जोडावेसे वाटतात. कुणाला, ते अजून ठरलेलं नाही.

गोळे रचण्याचा याहून दाट प्रकार असूच शकत नाही, असं केप्लरने १६११ साली म्हणून ठेवलं. नागपूरचा संत्रीवाला ते रोज सकाळी हातगाडीवर करून दाखवतो. गणितज्ञांना मात्र ते सिद्ध करायला १९९८ पर्यंत वाट पाहावी लागली. टॉमस हेल्स यांनी संगणक जुंपून ३८७ वर्षांचं ते घोंगडं झटकलं. संत्रीवाल्याला कुणी कळवलं नाही.

सूचना: मनोरा झाल्यावर टेबलाला हात टेकून कौतुक करू नये. काळा चेंडू पायावर पडला तर सातपट लागत नाही, पण वाटतं तसं.

धडा पाचवा: किनारी बेरीज

फक्त सहा रंग घ्या आणि पोकळ त्रिकोण करा: तीन कोपरे, प्रत्येक बाजूच्या मध्ये एक. प्रत्येक बाजूच्या तीन चेंडूंची बेरीज सारखी आली पाहिजे.

कोपऱ्यांवर पिवळा, हिरवा, तपकिरी. पिवळ्या-हिरव्याच्या मध्ये काळा, हिरव्या-तपकिरीच्या मध्ये निळा, तपकिरी-पिवळ्याच्या मध्ये गुलाबी. तिन्ही बाजू १२. आता १३, १४ आणि १५ यायला हवेत. तेही येतात, ते तुमचे तुम्ही शोधा. ११ किंवा १६ च्या नादी लागू नका. सगळ्या रंगांची बेरीज २७. तिन्ही बाजू मिळवल्या की कोपरे दोनदा मोजले जातात. कोपऱ्यांवर सर्वांत हलके तिघे बसवले तरी २७ मध्ये ९ मिळून ३६, म्हणजे बाजूला १२. सर्वांत जड तिघे बसवले तर ४५, म्हणजे १५. याच्या खाली नाही, वर नाही. नवशिक्यांचा एक अख्खा रविवार वाचवणारा हा परिच्छेद आहे.

धडा सहावा: टेबल भरणे

टेबल बारा फुटी म्हणायचं, पण कुशनच्या आतली खेळायची जागा ३५६९ मिलिमीटर लांब आणि १७७८ रुंद. त्यावर एकाच थरात किती चेंडू मावतील? (पॉकेटं बुजवली आहेत असं धरा. तोंडाशी ठेवलेले चेंडू आत पडले तर मोजणी बिघडते आणि लोक टाळ्या वाजवतात.)

फरशीसारखे उभे-आडवे लावले तर लांबीला ६७, रुंदीला ३३, एकूण २२११. पण दुसरी ओळ पहिलीच्या खाचांत सरकवली तर ओळींमधलं अंतर साडेबावन्नवरून साडेपंचेचाळीसवर येतं आणि जास्त ओळी मावतात. लांबीच्या दिशेने अशा ओळी लावल्या तर ३८ ओळी, प्रत्येकी ६७, म्हणजे २५४६. एकोणचाळिसावी ओळ फक्त दोन मिलिमीटर आणि वर चिमूटभर कमी पडल्यामुळे बसत नाही. या दोन मिलिमीटरांनी माझी झोप उडवली होती. कुशन जरा दाबून बघावं असा विचार मनात आला, पण कापडाचा इतिहास आठवून हात आवरला.

मग एका रात्री डोक्यात आलं, ओळी आडव्या लावल्या तर? रुंदीच्या दिशेने प्रत्येक ओळीत ३३, अशा ७८ ओळी. २५७४! तेच टेबल, तेच चेंडू, नुसती दिशा बदलली आणि अठ्ठावीस चेंडू जास्त मावले. २५७४ ला बावीसने भागा. बरोबर ११७, बाकी शून्य. म्हणजे स्नूकरचे ११७ पूर्ण संच घेतले की टेबल भरतं आणि एकही चेंडू वाया जात नाही.

मी जिमखान्याच्या खजिनदारांना ११६ संचांच्या खरेदीचा अर्ज दिला. एक आपल्याकडे आहेच. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” अर्ज प्रलंबित आहे.

धडा सातवा: वजाबाकी

इथपर्यंत बेरजेवर भागलं. खरी गंमत वजाबाकीत आहे, आणि त्यासाठी बाहेर कुठे जायला नको. देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी जगाला एक खेळ दिला. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि तिथून हलत नाही.

चेंडूंवर करून बघा. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा घ्या: ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. शून्यासाठी पांढरा वापरता येईल, आठासाठी चेंडू नाही, तिथे चहाचा कप ठेवा. ८७३० वजा ३७८, उत्तर ८३५२. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. कप परत द्या, कारण ६१७४ ला त्याची गरज नाही: गुलाबी, लाल, काळा, तपकिरी. कापरेकरांचा आकडा स्नूकरच्या चेंडूंत जसाच्या तसा मावतो. हे चार चेंडू मी टेबलाच्या कडेला मांडून ठेवतो. येणारे-जाणारे रंगसंगती फारशी बरी नाही म्हणतात.

अमेरिकेत मार्टिन गार्डनर एका विज्ञान मासिकात गणिती करमणुकीचं सदर लिहीत. १९७५ साली त्यांनी त्यात कापरेकरांची ओळख करून दिली, तेव्हा कुठे आपल्याकडच्या काही शहाण्यांना देवळाली नकाशावर सापडली. त्याच गार्डनर यांनी त्याच दशकात बफेलो शहरातल्या जॉर्ज सिकरमन यांचं एक कोडं प्रसिद्ध केलं, आणि हे सगळं मार्गदर्शक खरं म्हणजे त्या कोड्यापर्यंत यायला लिहिलं आहे.

१ ते १५ आकड्यांचे चेंडू घ्या. पूलचे चेंडू आयतेच आकड्यांचे असतात. नसले तर चिकटचिठ्ठ्या. त्रिकोण टोक आपल्याकडे करून लावा: वर पाच, मग चार, तीन, दोन, एक. अट एकच. प्रत्येक चेंडूचा आकडा त्याच्या वर टेकलेल्या दोन चेंडूंच्या आकड्यांतला फरक असला पाहिजे. वर ९ आणि २ असतील तर खाली ७. पंधराही चेंडू एकेकदाच वापरायचे.

मी एक अख्खा पावसाळा यात घालवला. चौदा चेंडू बसत आणि पंधराव्याच्या जागी आधीच बसलेला एखादा आकडा पुन्हा मागितला जाई. शेवटी मार्कर कंटाळून म्हणाला, “साहेब, पंधरा वरच्या ओळीतच येणार ना? पंधरा कुणातून काय वजा करून आणणार?” बरोबर होतं. पंधराहून मोठा चेंडूच नाही, मग पंधरा हा फरक असेल कसा! मार्कर इतकी वर्षं गुण मोजतो आहे, मी इतकी वर्षं चेंडू लावतो आहे, आणि हे सुचलं त्याला. मी तो विचार पुढे नेला एवढंच माझं श्रेय.

तळाच्या एकुलत्या चेंडूपासून वर चढा. त्याच्यावर दोन चेंडू आहेत, एक मोठा आणि एक लहान. मोठा म्हणजे खालचा अधिक लहान. आता त्या मोठ्यावर जा. त्याच्या वरच्या दोघांतला मोठा पकडा. तोसुद्धा खालचा अधिक शेजारचा लहान. असं करत पहिल्या ओळीत पोचलात की हातात आलेला आकडा म्हणजे तळाचा एक आणि वाटेत भेटलेले चार लहान, अशा पाच वेगवेगळ्या चेंडूंची बेरीज असते. पाच वेगवेगळ्या आकड्यांची बेरीज कमीत कमी किती? १, २, ३, ४, ५ मिळून १५. आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा चेंडू? तोही १५. सुटायला जागाच नाही. त्या वाटेचं टोक १५ च असणार आणि वाटेवरचे ते पाच जण म्हणजे १ ते ५ च, फक्त क्रम आपण शोधायचा.

हे कळल्यावर ४१ हजार वर्षांचं काम एका संध्याकाळवर येतं. उत्तर एकच आहे, आरशातली त्याची उलटी प्रतिमा सोडली तर. चार ओळींच्या त्रिकोणाला चार उत्तरं, तीन ओळींच्यालाही चार. सहा ओळी केल्या, म्हणजे १ ते २१ घेतले, की एकही नाही, आणि त्यापुढे कुठल्याच त्रिकोणाला नाही हे सिद्ध झालं आहे. पाच ओळी ही शेवटची पायरी, आणि लाकडी त्रिकोण नेमका पाच ओळींचा.

हाच हिशेब सहा रंगांवर लावून बघा. तीन ओळी, किमती २ ते ७. वाट चढताना तीन वेगवेगळ्या किमतींची बेरीज लागणार, कमीत कमी २, ३, ४ मिळून ९. सर्वांत मोठा चेंडू काळा, त्याची किंमत ७. म्हणजे रंगांचा वजाबाकी-त्रिकोण अशक्य. पण काळा बाजूला ठेवून एक लाल आत घेतला तर? वर लाल, गुलाबी, तपकिरी. त्यांच्याखाली निळा, पिवळा. तळाला हिरवा. चटकन जमलं! सगळ्यात महागडा माणूस उठून गेला आणि एक रुपयावाला आत आला तेव्हा कुठे बैठकीचा हिशेब लागला.

१९९७ साली शेफील्डला रॉनी ओसलिव्हनने १४७ गुणांची संपूर्ण फ्रेम ५ मिनिटं ८ सेकंदांत संपवली. छत्तीस चेंडू एकामागून एक पॉकेटात. तेवढ्या वेळात माझ्या पंधरा चिठ्ठ्या चिकटवूनही होत नाहीत. त्याची मला खंत नाही. त्याने एकदाही वजाबाकी केली नाही.

धडा शेवटचा: आवरणे

चिठ्ठ्या खरवडून काढाव्यात. गोंद राहिला तर ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी एखाद्या गंभीर खेळाडूचा चेंडू वाटेत थबकतो आणि चौकशी समिती नेमली जाते. लाल त्रिकोणात, टोकाजवळ गुलाबी, पण टेकू न देता. काळा मागे, कुशनपासून ३२४ मिलिमीटरवर. निळा टेबलाच्या मध्यावर. अलीकडच्या आडव्या रेषेवर डावीकडून हिरवा, तपकिरी, पिवळा. इंग्रजांनी यासाठी देवाला साकडं घातलेलं वाक्य पाठ केलं आहे, आपण ‘हितगुज पिंपळाखाली’ म्हणावं. हि, त, पि.

मार्कर दिवे मालवण्यापूर्वी विचारील, “साहेब, एक तरी मारता का?” नम्रपणे नाही म्हणा.

सातव्या धड्याचं उत्तर पुढे दिलं आहे. मासिकांत उत्तरं उलटी छापायची पद्धत आहे. छापखान्याला ते जमलं नसेल तर वाचकांनी स्वतः उलटं व्हावं, आणि आपला प्रयत्न करून झाल्याशिवाय इथे डोकावू नये.

वरची ओळ: ६, १४, १५, ३, १३. खालचे दहा वजा करून घ्या.